वायरचा हेडफोन की वायरलेस? आधी ऐकता कुठे ते पाहू

पत्राचा सारांश: पत्रलेखिका डोंबिवलीला राहतात, वय पस्तिशीच्या आसपास. रोज लोकलने फोर्टमधल्या ऑफिसला जातात आणि जाता-येता गाणी, पॉडकास्ट ऐकतात. ऑफिसात दिवसातून दोन-तीन ऑनलाइन मीटिंग असतात. आठवड्यातून दोनदा शास्त्रीय गायनाचा क्लास, आणि रोज रात्री मोबाइलवरचं तानपुरा-तबल्याचं ॲप कानात लावून अर्धा-पाऊण तास रियाज. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या फोनला हेडफोनची पिन लावायची जागाच नाही, म्हणून जुना वायरचा इअरफोन कपाटात गेला आणि दोन हजारांचे वायरलेस बड्स आले. त्यातला एक गेल्या महिन्यात गर्दीत उतरताना रुळांवर पडला. उरलेल्याची बॅटरी परतीच्या प्रवासात ठाण्यापर्यंतही पुरत नाही. क्लासमधले एक सहाध्यायी म्हणतात, ‘ब्लूटूथवर गाणं ऐकणं हा गाण्याचा अपमान आहे.’ कॉलेजात जाणारा भाचा म्हणतो, ‘मावशी, आता वायर कोण वापरतं?’ सासूबाईंना ब्लूटूथच्या लहरींची भीती वाटते. बजेट पाच हजार. प्रश्न असा: ‘एकदाच चांगली वस्तू घ्यायची आहे, पुन्हा पुन्हा खर्च नको. वायरलेस घेऊ की वायरचा? आणि गाणं शिकणाऱ्या माणसाने सोयीसाठी आवाजाशी तडजोड करणं चूक आहे का?’

नमस्कार,

आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. लोकलसाठी हजार-दीड हजारांचा नेकबँड घ्या. उरलेल्या पैशांत घरी ऐकण्यासाठी आणि ऑफिसच्या मीटिंगसाठी वायरचा चांगला हेडफोन घ्या, आणि तो फोनला जोडायला एक टाइप-सी कन्व्हर्टर. तिन्ही मिळून पाच हजारांच्या आत बसतं. रियाजाबद्दल मात्र मला थोडं वेगळं सांगायचं आहे, ते पुढे येईलच.

‘एकदाच चांगली वस्तू घ्यायची’ असं तुम्ही लिहिलंत आणि मी तुम्हाला दोन घ्यायला सांगते आहे, हे मला कळतं. एकदाच पण चांगलं घ्यायचं, ही आपल्या घरांतली शहाणी सवय आहे. पितळेचं पातेलं घेताना तिचा उपयोग होतो. वायरलेस बड्स घेताना ती सवय आपल्याला फसवते, कारण त्या वस्तूचं आयुष्य तिच्या दर्जावर कमी आणि आतल्या बॅटरीवर जास्त ठरतं.

प्रत्येक बडमध्ये लिथियम-आयनची एक चिमुकली बॅटरी असते, साधारण ३० ते ६० मिलिॲम्पिअर-तासांची. तुमच्या फोनची पाच हजारांच्या घरात असते, म्हणजे किती फरक ते पाहा. अशी बॅटरी पूर्ण भरून पूर्ण वापरण्याच्या साधारण ३०० ते ५०० फेऱ्यांनंतर जाणवण्याइतकी उतरते. तुमचा येण्याजाण्याचा अडीच-तीन तासांचा प्रवास आणि वर मीटिंग धरल्या, तर बड्सची जवळपास एक फेरी रोज होते. दीड-दोन वर्षांत ती मर्यादा गाठली जाणारच. तुमचे बड्स ठाण्याच्या आधी मान टाकतात ते यामुळे. त्यात तुमच्या वापराचा दोष नाही, आणि दोनऐवजी दहा हजारांचे घेतले असते तरी आतलं रसायन तेच राहिलं असतं. महाग बड्सचा आवाज चांगला असतो, माइक चांगला असतो, बाहेरचा गोंगाट ते जास्त कापतात. पण बहुतेक बड्स डिंकाने चिकटवून बंद केलेले असतात, बॅटरी बदलता येत नाही. संपणाऱ्या वस्तूवर बजेटचा मोठा वाटा घालायचा आणि टिकणाऱ्या वस्तूला काहीच ठेवायचं नाही, हा हिशेब मला पटत नाही. मी उलट करायला सांगेन.

नेकबँडचं नाव तुमच्या पत्रात कुठेच नाही याचं मला नवल वाटलं, कारण तुमच्या प्रवासाला तो फार चपखल बसतो. मानेभोवती पट्टी, त्यातून निघणारे दोन इअरफोन, फोनला वायर नाही. कानातून निसटला तर गळ्यात लोंबतो, रुळांवर जात नाही. पट्टीत जागा असल्यामुळे बॅटरी बड्सच्या कितीतरी पट मोठी असते आणि एका चार्जमध्ये वीस-पंचवीस तास सहज चालते. म्हणजे तुम्हाला आठवड्यातून एकदाच चार्ज करावा लागेल, वर्षाला जेमतेम पन्नास फेऱ्या. बॅटरी नुसत्या वयानेही थोडी उतरत असते, त्यामुळे तो दहा वर्षं चालेल असं मी म्हणणार नाही, पण बड्सपेक्षा निश्चित जास्त टिकेल. डबी उघडून एकेक बड काढायचा, गर्दीत तो हातातून सुटेल या धास्तीत राहायचं, हेही संपतं. भाच्याला तो कदाचित जुन्या फॅशनचा वाटेल. पण डोंबिवलीच्या लेडीज डब्यात तो उभा राहत नाही, तुम्ही राहता.

वायरच्या हेडफोनचंही दुखणं असतंच. केबल पिनपाशी किंवा जिथे ती दोन कानांकडे फुटते तिथे आतून तुटते, मग एका कानात आवाज येतो-जातो. पण हे दुखणं बरं होतं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तार कापून नवी पिन डाक देऊन जोडून मिळते, खर्च थोडा येतो. आणि हल्ली हजार-दीड हजारांपासून असे कानातले वायरचे इअरफोन मिळतात ज्यांची केबल कानापाशी सुटी होते. वायर गेली तर फक्त वायर बदलायची. घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, ‘केबल सुटी होते का, आणि वेगळी मिळते का?’ तुम्ही म्हणता ती एकदाच घ्यायची वस्तू खरं तर ही आहे.

आता तुमच्या सहाध्यायींचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, पण ते म्हणतात तितकं नाही. ब्लूटूथवरून आवाज पाठवताना तो दाबून लहान करावा लागतो, हे खरं. प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनमध्ये एसबीसी ही पद्धत असावीच लागते, आणि ती चांगल्यात चांगली चालली तर सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट माहिती पोचवते. आयफोन त्याहून थोडी वेगळी एएसी वापरतो. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये एलडॅक नावाची पद्धत असते, ती ९९० किलोबिटपर्यंत जाते, पण हेडफोनमध्येही ती असावी लागते. सीडीवरचा आवाज १,४११ किलोबिटचा. आकडे शेजारी ठेवले की वाटतं, बापरे, किती गमावतो आपण! पण तुमच्या फोनवर गाणं येतं कुठून ते पाहा. स्पॉटिफायच्या फुकट आवृत्तीत मोबाइलवर जास्तीत जास्त १६० किलोबिटचा आवाज मिळतो. म्हणजे गाणं ब्लूटूथपर्यंत यायच्या आधीच दाबलेलं असतं. वायर लावल्याने जे आधीच गाळलं गेलंय ते परत येत नाही. तुम्ही सीडीवरून थेट उतरवलेल्या किंवा ॲपल म्युझिकच्या लॉसलेससारख्या, म्हणजे काहीही न गाळलेल्या, फाइली शांत खोलीत ऐकत असाल, तर सहाध्यायींचं बरोबर. ती फाइल ब्लूटूथवरून जशीच्या तशी पोचत नाही, वायरवरून पोचते.

आणखी एक गोष्ट त्यांना विचारून पाहा. जुनं नाट्यसंगीत ते ऐकतात का? १९३०च्या दशकातल्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे फिरायच्या आणि एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. त्या ध्वनिमुद्रणात वरचे बारीक आवाज मुळातच फार थोडे टिपले गेले आहेत. ते रेकॉर्डिंग तुम्ही ब्लूटूथवर ऐका की वायरवर, गायिकेची फिरत आणि दाणेदार तान दोन्हीकडे तेवढीच पोचेल. त्या गाण्याचा अपमान ब्लूटूथमुळे होत नाही. अर्धवट ऐकल्याने मात्र होतो, आणि ते वायर लावूनही करता येतं.

रोजच्या ऐकण्यात सगळ्यात मोठा फरक पडतो तो कानात रबरी टोपी नीट बसते की नाही यावर. फट राहिली की खर्जाचा आवाज गळून जातो आणि दहा हजारांचा इअरफोनही पत्र्यासारखा वाजतो. इअरफोनच्या खोक्यात तीन मापांच्या टोप्या मिळतात, बहुतेक जण मधली आधीच लावलेली असते तीच ठेवतात. तिन्ही लावून पाहा. दोन कानांना वेगवेगळं माप लागू शकतं. आणि दुकानात दोन हेडफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जो जरा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. त्यामुळे अनेकांच्या गळ्यात भलतीच वस्तू पडते.

लोकलच्या बाबतीत मला आवाजाच्या दर्जापेक्षा तुमच्या कानांची जास्त काळजी वाटते, आणि हे मी अगदी कळकळीने लिहिते आहे, कारण तुम्ही गाणं शिकता. पंखे, उघडी दारं, चाकांचा खडखडाट, समोरून जाणारी फास्ट गाडी, या सगळ्यावर मात करायला आपण नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलवर, अशी आहे. लहान मुलांसाठी ७५ डेसिबल. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ला २० तास, ८६ला १० तास, ८९ला फक्त ५ तास. तुमचा प्रवास आठवड्याला बारा-पंधरा तासांचा. गोंगाटावर आवाज चढवून ८९पर्यंत नेलात, तर मंगळवारी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत आठवड्याचा कोटा संपलेला असतो. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि आधी जातात त्या वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. तानपुऱ्याच्या जवारीतलं झळाळणारं जे असतं, ते तिथेच असतं.

म्हणून लोकलमध्ये घालायची वस्तू बाहेरचा आवाज अडवणारी हवी. रबरी टोपी घट्ट बसली तर अर्धं काम तिथेच होतं. गोंगाट कापणारी सोय, म्हणजे दुकानात ज्याला एएनसी म्हणतात ती, गाडीच्या सलग घरघरीवर चांगली चालते. शेजारणीच्या गप्पांवर तिचा फारसा उपाय नाही. नेकबँडमध्ये ती थोड्या जास्त किमतीत मिळते, आणि तुमच्या प्रवासाला मी त्यासाठी पाचशे रुपये जास्त द्यायला सांगेन. एक साधी तपासणी करा: रात्री घरी शांततेत गाणं छान ऐकू येतं तेव्हा आवाजाची पट्टी कुठे आहे ते लक्षात ठेवा. गाडीत ती फार वर न्यावी लागत असेल तर आधी टोपी नीट बसवा, पट्टी हलवू नका. फोनच्या सेटिंगमध्ये हेडफोनच्या आवाजाला मर्यादा घालता येत असेल तर घालून टाका. आयफोनमध्ये ‘हेडफोन सेफ्टी’ या नावाने ती आहे. फलाटावर, जिन्यावर आणि रात्री स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत एक कान मोकळा ठेवा. आणि तुमच्यासारखा प्रवास करणाऱ्या ज्या कुणी रूळ ओलांडतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की तसं करूच नका, कानात काही असो वा नसो. बंद कानांना गाडी फार उशिरा ऐकू येते.

आता रियाज. तुम्ही लिहिलंत, ‘ॲप कानात लावून रियाज करते’. गळा तर तुम्ही मोकळा लावणारच, मग तानपुरा कानात कशासाठी? माझा अंदाज असा की फोनच्या स्पीकरवर तानपुरा किरटा वाजतो म्हणून. ते खरंच आहे. काळी चारचा षड्ज धरला तर तो सुमारे २०८ हर्ट्झचा, आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, १०४ला. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला तो खर्ज झेपतच नाही. पण त्यावर कान बंद करणं हा उपाय नव्हे. दोन्ही कान बोटांनी बंद करा आणि ‘सा’ लावून पाहा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमायला लागतो, जाड आणि भारदस्त वाटतो, कारण हाडांतून जाणारा खालचा आवाज बंद कानात कोंडला जातो. घट्ट बसणारे बड्स कानात असताना हेच होतं. मग स्वर किंचित उतरला तरी पटकन कळत नाही, किंवा उगाच जोर लावला जातो. तुमच्या गुरूंनी कधी ‘घरून येतेस तेव्हा सूर जरा उतरलेला असतो’ असं म्हटलं असेल, तर आधी हे तपासा.

त्यामुळे रियाजाला कुठलाच हेडफोन नको, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात टीव्हीचा साउंडबार असेल किंवा एखादा छोटा ब्लूटूथ स्पीकर असेल, त्यावर तानपुरा लावा आणि स्पीकर जरा दूर ठेवा. तानपुरा अखंड वाजतो, त्यामुळे ब्लूटूथने आवाज थोडा उशिरा पोचला तरी काही बिघडत नाही. तबल्याचंही तसंच. ठेका उशिरा आला तरी तुम्ही ऐकून त्याच्याबरोबर गाता, सम चुकत नाही. घरचे झोपलेत आणि तुम्ही दबक्या आवाजात पलटे घोटताय अशी वेळ असेल, तर हेडफोनचा एकच कान लावा, दुसरा मोकळा.

ब्लूटूथ खरा अडचणीत आणतो तो रेकॉर्डिंगच्या वेळी. ॲपवर तबला लावून, तो कानात ऐकत, फोनवर स्वतःचं गाणं तबल्यासकट रेकॉर्ड करणारे पुष्कळ विद्यार्थी असतात. तुम्ही करत नसाल तर पुढे कराल. साध्या ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत पोचायला सहज सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २०० मिलिसेकंद लागू शकतात. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची, २५० मिलिसेकंदांची. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही जवळजवळ एक मात्रा मागे ऐकू येणार, गाताना अगदी समेवर येऊनसुद्धा! मग माणूस स्वतःच्या लयीवर शंका घेत बसतो. दोष लयीचा नसतो. इथे वायर लागतेच, तिच्यात असा उशीर जाणवण्याइतका नसतो.

दुसरी अडचण माइकची. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की बऱ्याच हेडफोनांत सगळं प्रकरण फोन कॉलच्या पद्धतीवर जातं. दोन कानांचा वेगवेगळा आवाज एक होतो आणि साधारण ८ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं, जुन्या पद्धतीत तर ४ हजारांच्या वरचंही. ब्लूटूथ एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत हे सुधारतंय, पण त्यासाठी फोन आणि हेडफोन दोन्ही नवे हवेत. तोवर रेकॉर्डिंग करताना कानाला वायरचा हेडफोन आणि माइक फोनचा. फोन समोर पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा, तोंडापासून हात-दीड हात दूर. ऑनलाइन क्लास घेत असाल तर गुरूंबरोबर एकत्र गाण्याचा हट्ट मात्र धरू नका. इंटरनेटचा उशीर वायरनेही जात नाही.

घरी निवांत ऐकण्यासाठी तुम्ही जो वायरचा हेडफोन घ्याल तो कानावर बसणारा, मागून जाळी असलेला घेता आला तर पाहा. त्यात गाणं समोर बसून ऐकल्यासारखं मोकळं वाटतं आणि कान कोंडत नाहीत. तो लोकलमध्ये अगदी निरुपयोगी, बाहेरचं सगळं आत येतं. मुंबईच्या घामात कानावरचे गादीवाले हेडफोन फार वेळ नको वाटतात हेही आहे. तसं असेल तर कानातला, सुट्या केबलचा घ्या. ओहम्सचा आकडा डब्यावर लिहिलेला असतो, तो १६ ते ३२च्या आसपास असलेला घ्या, मग फोनवर पुरेसा मोठा वाजतो. २५०-३०० ओहम्सवाले कुणी शिफारस केले तरी घेऊ नका, त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर लागतो.

कन्व्हर्टर घेताना इथे हमखास फसगत होते. हेडफोनची पिन जाण्याची सुरुवात गाजली ती २०१६ला आयफोन ७पासून, आणि मग बाजारात टाइप-सीचे कन्व्हर्टर भरले. ते दोन जातींचे असतात. एकात नुसत्या तारा असतात आणि तो काही मोजक्याच फोनवर चालतो. दुसऱ्यात आवाजाचं रूपांतर करणारी छोटी चिप असते, तिला डॅक म्हणतात, आणि तो जवळपास सगळीकडे चालतो. दुकानात ‘डॅकवाला द्या’ म्हणा आणि स्वतःच्या फोनला लावून, गाणं वाजवून, एक फोन करून माइकही चालतो का ते बघून मगच पैसे द्या. काही शे रुपयांत मिळतो. तो पिनेलाच कायमचा लावून ठेवा, नाहीतर पर्सच्या तळाशी हरवतो. त्याच्यासोबत फोन चार्ज करता येत नाही, ही गैरसोय आहे, तेव्हा रात्री चार्जिंग आधी उरकून घ्या. पावसात फोन भिजला असेल तर खालची जागा पूर्ण वाळल्याशिवाय तिथे काहीही खुपसू नका.

ऑफिसच्या मीटिंगला वायर लावा, एवढंच सांगेन. लॅपटॉपला पिनची जागा अजून बहुतेक वेळा असते, ऐन बोलताना बॅटरी जात नाही, आणि समोरच्याला तुमचा आवाज सहसा जास्त स्वच्छ पोचतो. फक्त इअरफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा हव्यात, दोन असतील तर त्याला माइक नाही.

सासूबाईंची काळजी उडवून लावू नका. त्यांना सांगा की ब्लूटूथ हेडफोनची ताकद मिलिवॉटमध्ये मोजतात, अशा उपकरणांची एक नेहमीची मर्यादा २.५ मिलिवॉट आहे. फोन थेट कानाला लावून बोलताना तो त्याच्या कितीतरी पट ताकदीने लहरी सोडू शकतो. या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नाहीत, पेशींतले रेणू फोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. तरीही त्यांना स्वतःला वायर बरी वाटत असेल तर खुशाल वापरू द्या. ज्येष्ठांना ती अनेकदा सोयीचीच पडते. डबी उघडा, बड ओळखा, जोडणी झाली का बघा, हे सगळं टळतं. आणि त्यांच्या फोनमध्ये एफएम रेडिओ असेल तर विविध भारती ऐकायला वायर लावावीच लागते, कारण तिथे हेडफोनची वायरच अँटेना म्हणून काम करते. त्यांना हल्ली आवाज फार मोठा ठेवावा लागत असेल, तर हेडफोन बदलण्याआधी कान तपासून घ्या.

पावसाळ्यात दमट कानात तासन्‌तास रबरी टोप्या बसवून ठेवल्या की खाज सुटते, कधी बुरशीही धरते. टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवून लावा, कुणाला उसन्या देऊ नका. खाज आली तर कानात काडी घालू नका, डॉक्टरांना दाखवा. नेकबँडच्या डब्यावर आयपीएक्स४ किंवा त्यावरचा आकडा बघा. ४ म्हणजे शिंतोडे आणि घाम चालतो, धो-धो पाऊस नाही.

आणि ज्या तडजोडीबद्दल तुम्ही विचारलंत, त्याबद्दल. तुम्ही दिवसभर ऑफिस करून, दोन वेळा लोकलमध्ये उभं राहून, रात्री रियाजाला बसता. प्रवासात सोयीची वस्तू वापरल्याने तुमच्या गाण्यात काही उणं होत नाही. गाडीत ऐकताना आपण बहुधा बंदिशीचं तोंड पक्कं करत असतो, रागाचा माहोल डोक्यात मुरवत असतो, आणि त्याला नेकबँड पुरेसा आहे. ज्या रेकॉर्डिंगमधली एखादी श्रुती, एखादी मींड शोधायची आहे, ते घरी वायर लावून, डोळे मिटून ऐका. सहाध्यायींशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा घरी बोलवा आणि त्यांच्याकडच्या चांगल्या रेकॉर्डिंग मागून घ्या. आवाजावर इतकं प्रेम असलेल्या माणसाकडे संग्रह चांगला असतो.

उरलेल्या एका बडचं काय करायचं तेही सांगते. काही कंपन्या हरवलेला एकच बड विकत देतात, पण तुमच्याकडचा दुसराही थकला आहे, तेव्हा त्यावर खर्च करू नका. घरी एका कानाने पॉडकास्ट ऐकायला तो अजून काही महिने चालेल. पुरता संपला की ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत चेपला गेला तर लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा तुमच्या भागातल्या ई-कचरा संकलनात तो डबीसकट द्या, कारण डबीतही एक बॅटरी असते. आणि कपाटातला जुना वायरचा इअरफोन आजच बाहेर काढा. कन्व्हर्टर आधी घ्या, तो लावून बघा. इअरफोन अजून नीट वाजत असेल, तर ऑफिसच्या मीटिंगचं काम तिथेच भागलं आणि घरच्या हेडफोनला तुमच्या हातात थोडे जास्त पैसे राहिले.